अन्नपूर्णेच्या तांदळातला आकडा

रेवदंडा. शके १८५६, भाद्रपद व. ९

अविधवा नवमी. बायकोची, पहिलीच. गेल्या वर्षी चैत्रात गेली, तेव्हा वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून केली नव्हती. सवाष्ण म्हणून शेजारच्या तांबटाची राधावहिनी बोलावली. स्वयंपाकही तिलाच करावा लागला. सवाष्णीनं स्वतः रांधायचं आणि स्वतःच पाटावर बसून जेवायचं, असली नवमी गावात दुसरी झाली नसेल.

नैवेद्य दाखवताना म्हणाली, "बाळाशेट, अन्नपूर्णेखालचे तांदूळ कधी बदललेत?"

बदलायचे असतात हे मला ठाऊकच नव्हतं. दीड वर्ष देवी त्याच वाटीत उभी. किडे झाले होते. वाटी परातीत उपडी केली, तर आत आकडा.

राधावहिनीला म्हटलं, असू दे, जुनी तार आहे. आणि कनवटीला खोचला.

ही वही लेकीची, यमूची, शाळेतली. अर्धी कोरी राहिलेली. कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. भिंतीशी बोललो की पलीकडून तांबट विचारतो, काय म्हणालात?

भाद्र. व. १०

आकडा म्हणजे चांदीची जाड तार, मधोमध दुमडलेली, दोन पाय जवळजवळ. करंगळीएवढी लांब. बाया केसात खोवतात तसल्या आकड्यासारखी, म्हणून तिच्या माहेरी आकडाच म्हणत. आईकडून लेकीला, लेकीकडून तिच्या लेकीला. मोडायचा नाही, विकायचा नाही. लग्नात घेऊन आली तेव्हा मी हसलो होतो. सोनाराच्या घरात तारेची पूजा.

तेराव्याला यमूनं तोच मागितला. म्हटलं घेऊन जा, शोध. घर उलथंपालथं केलं, सापडला नाही. तिचा दीर पडवीत हळूच म्हणाला, "सोनाराच्या घरात चांदी हरवते होय?" माझं डोकं फिरलं. त्याला काही बोललो नाही, ओरडलो यमूवर. चार आण्यांच्या तारेसाठी आईच्या तेराव्याला रडतेस, लाज नाही वाटत. सगळ्या व्याह्यांदेखत.

ती गप्प झाली. आईची जोडवी पदराला बांधली आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं श्रीवर्धनला गेली. त्यानंतर तीन कार्डं. सर्व क्षेम, आपली प्रकृती कळवावी. कळवली. प्रकृती ठीक.

भाद्र. व. ११

सकाळी सवयीनं चिंच कोळली. काळी चांदी दिसली की सोनाराचा हात चिंचेकडे जातो, त्यात विचार नसतो. आकड्याचा एक पाय चिंचेत घासला, रिठ्याच्या पाण्यानं धुतला. लख्ख झाला. मग उजेडात धरला आणि थांबलो.

चपट्या भागावर बारीक खुणा आहेत. मी आजवर समजत होतो, कुणा अडाण्यानं पकडीनं दाबल्याच्या खुणा. तशा नाहीत. दुसऱ्या पायावर, जिथं अजून काळं आहे, तिथं तर स्पष्टच. वळसे आहेत, टिंबं आहेत. मशिदीच्या कमानीवर असतात तसली अक्षरं, पण वरून खालून कापल्यासारखी.

चिंच ओतून दिली. दुसरा पाय तसाच ठेवला.

तोळून पाहिला. पाच मासे, दोन गुंजा कमी. कसोटीवर ओढला. चांदी चोख, रुपयातल्या चांदीपेक्षा किती तरी चोख. हे मला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं ते उद्या लिहीन.

भाद्र. व. १२

काल लिहायचं टाळलं.

आकडे दोन होते.

यमू पोटात होती. हिची जोडवी झिजून कागदासारखी झालेली. त्या महिन्यात घरची चांदी नव्हती, आणि गिऱ्हाइकाच्या चांदीला हात लावायचा नाही हा वडिलांचा दंडक. देव्हाऱ्यातून एक आकडा उचलला आणि मुशीत टाकला. तिला विचारलं नाही. विचारायचं काय, नवऱ्यानं बायकोला जोडवी करायची त्यात? ती पाणी घेऊन आत आली तेव्हा अर्धा वितळला होता. माझ्या आठवणीत आहे, तार लवकर सुटली, मऊ होती. चोख चांदी अशीच सुटते.

बघत उभी राहिली. मग म्हणाली, "दुसरा राहू द्या हं."

एवढंच. जोडवी घातली, पस्तीस-छत्तीस वर्षं घातली. मी दोनदा सांधून दिली. त्या आकड्याचं नाव दोघांपैकी कुणी पुन्हा काढलं नाही.

तेव्हाही त्याच्यावर त्या खुणा असणारच. मी पाहिल्या नाहीत.

आश्विन शु. २

पारू नाखवीण आली. सुनेच्या तोरड्या मोडून नातवाचा करगोटा करायचा. तिची जुनी रीत, चांदी मुशीत पडल्यापासून दागिना पाण्यात पडेपर्यंत समोरून हलायची नाही. मासळीची टोपली दारात, मांजरं गोळा झालेली, पण बाईची नजर मुशीवर.

म्हटलं, तीस वर्षं येतेस, अजून भरवसा नाही?

"तुज्यावर इश्वास हाय, बालाशेट. आगीवर न्हाय."

सगळ्या कोळणी अशाच बसतात. त्यांच्या सासवाही बसायच्या. माझे वडील म्हणत, ज्याची चांदी त्यानं आगीपाशी बसावं, म्हणजे सोनाराचंही नाव राहतं आणि त्याचाही जीव थाऱ्यावर. घरच्या माणसाला मात्र कुणी बसवत नाही. घरचंच असतं ना.

जाताना दोन बांगडे ठेवून गेली. "जेवतोस का न्हाय? गळ्याची हाडं निघालीत." जेवतो म्हटलं. एक भाजला, एक मांजराला.

आश्विन शु. ५

यमूला कार्ड लिहायला बसलो. चि. सौ. यमूस अनेक आशीर्वाद. आकडा सापडला. पुढं काय लिहू? कार्डावर पोस्टमास्तर वाचतो, म्हणून पाकीट आणलं. पाकिटातही तेवढंच लिहून झालं. फाडलं.

आकडा सापडला एवढंच लिहिलं तर अर्धं खरं. चार आण्यांची तार म्हणालो ते चूक होतं असं लिहायचं तर ती काय आहे ते तरी ठाऊक हवं.

आश्विन शु. १०

दसरा. हत्यारं पुजली. ऐरण, हातोडी, पकडी, फुंकणी, काटा. आकडा कुठं ठेवावा कळेना. देवात ठेवला तर ती नाही पुजायला. हत्यारांत ठेवला तर तिथंच एकदा त्याचा भाऊ गेला. शेवटी नव्या तांदळात परत खुपसला. सोनं द्यायला चौघे आले. दाराशीच पानं देऊन गेले. बाईमाणूस नसलेल्या घरात कुणी टेकत नाही.

आश्विन व. १२

अलिबागचे गोगटे वकील आले. रेवदंड्यात अशिलाकडे आले होते, चष्म्याची चांदीची दांडी तुटली. दांडी सांधून दिली. मोबदला विचारू लागले तेव्हा म्हटलं, एक वस्तू बघा. यांना जुन्या नाण्यांचं वेड आहे हे गावात माहीत आहे. किल्ल्यात पोरं उकरतात ते सगळं त्यांच्याकडे जातं.

आकडा हातात घेण्याआधी त्यांनी हात पुसले. कडांनी धरला, दोन बोटांत, पोटाला स्पर्श न करता. भिंग लावलं. उजेडाकडे सरकले. मग म्हणाले, "बाळाशेट, ही लारी आहे."

नाणं आहे म्हणे. तार नाही, आकडा नाही, नाणं. इराणच्या बाजूला लार म्हणून ठिकाण, त्यावरून नाव. चौल बंदर भरात होतं तेव्हा जहाजवाल्यांत हेच चालायचं. ही विजापूरच्या बादशाहीतली असावी, तीनशे वर्षांच्या आतबाहेरची. आपल्या चौलात कुणा व्यापाऱ्याच्या कनवटीला असेल, तिथून हिच्या कुठल्या पणजीच्या पणजीकडे.

मी ऐकत होतो. मनात एकच, हिची आई अडाणी बाई, सही येत नव्हती, तिला हे ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं, पण मोडायचं नाही हे ठाऊक होतं. मला चांदी ठाऊक होती.

मग उजळलेला पाय पाहिला आणि वकिलांचा चेहरा उतरला. "हे कुणी केलं?" मीच म्हटलं. "चिंच?" चिंच. कपाळावर हात मारला नाही, पण मारल्यासारखंच. म्हणाले, वरचं काळं पुट म्हणजे घाण नव्हे, ते नाण्याचं पांघरूण. घासलं की अक्षराची कड जाते, आणि गेलेली कड कुणाच्या बापाला आणता येत नाही. सोनाराचे कान वकिलानं टोचले.

"बाकी इतकी चांगली राहिली कशी? तुमच्या या खाऱ्या वाऱ्यात? कुठं ठेवली होती?"

तांदळात, म्हटलं. अन्नपूर्णेच्या.

"कोरडी राहिली म्हणून. ज्यानं ठेवली त्याला अक्कल होती."

आश्विन व. १३

गोगटे कालच्या मुक्कामाला गावातच होते, सकाळी पुन्हा आले. सांगितलं ते उतरून ठेवतो. घासायची नाही, चिंच नाही, राख नाही. उघड्या हातानं चोळायची नाही. जुनं धुवट सुती कापड, त्यात गुंडाळून लाकडी डबीत. लोकरीत नको, चामड्यात नको. डबीभोवती तांदूळ असले तर उत्तम, मात्र दर महिन्याला बदलावे. ते मला आता माहीत झालं आहे.

लाखेवर ठसा घेऊन दाखवला. मऊ लाखेवर हलकेच दाबायची. दोन्ही बाजूंच्या अक्षरांच्या चिरफळ्या उमटल्या. पुरं नाव का नाही विचारलं. म्हणाले, टांकसाळीचा ठसा रुंद असतो, तार अरुंद. अक्षरांची एक पट्टी तेवढी तारेवर येते. वरची ओळ एका तारेवर, खालची दुसरीवर. एकाच ठशाच्या दोन मिळाल्या आणि शेजारी ठेवल्या तर टांकसाळ, साल, सगळं लावता येतं. अशी जोडी सहसा मिळत नाही.

"हिच्या जोडीला दुसरी नव्हती ना?"

नाही, म्हटलं.

का म्हटलं? वकील माझा कोण लागतो? सांगून टाकायचं होतं. पण तोंडातून 'नाही'च आलं.

किंमत विचारली. चांदी म्हणाल तर चार आणे, म्हणाले. माझाच शब्द, माझ्याच तोंडावर. नाणं म्हणून ते आजच्या आज वीस रुपये द्यायला तयार. पुरी वाचता आली असती तर किंमत ते करणार नव्हते, मुंबईला नेली असती.

माझी नाही, लेकीची आहे, म्हटलं. हे तरी खरं बोललो.

कार्तिक शु. ३

दिवाळी गेली. एकट्यानं अभ्यंगस्नान कसं करायचं ते सांगावं कुणी. पाठीला उटणं लागत नाही. राधावहिनीनं फराळाचं ताट पाठवलं, रिकामं ताट परत कसं द्यायचं म्हणून त्यात साखर घातली. हे पूर्वी ही बघायची.

सुताराकडून फणसाच्या लाकडाची डबी करून घेतली. आत तिच्या जुन्या लुगड्याचं कापड.

कार्तिक शु. १२

आज यमूला लिहिलं. तीन पानं. सगळं. तार नव्हे, नाणं आहे. लारी म्हणतात. चार आणे म्हणालो ते चूक. तुझ्यावर ओरडलो ते त्याहून चूक. आकडे दोन होते, एक मी वितळवला, तुझ्या आईला न विचारता. तुझ्या पायात आता जी जोडवी आहेत ती म्हणजे तोच. तिनं मला शब्दानं बोल लावला नाही, आणि मी त्यालाच तिचं समाधान समजलो. उरलेला तुझा आहे. तू म्हणशील तसं त्याचं करू. ठेव, दे, वीक, मी मध्ये येणार नाही. फक्त घासू नकोस.

शेवटी लिहिलं, घर फार रिकामं आहे. मग ते खोडलं. मग पुन्हा लिहिलं, कारण खोडलेलं वाचता येतच होतं.

कार्तिक व. ८

उत्तर नाही. पोस्टमन माझ्या दारावरून जाताना हल्ली चाल वाढवतो.

कार्तिक व. ३०

उत्तर नाही. सकाळी डबी उघडतो, बघतो, मिटतो. रात्री आठवणीत काळा पाय जास्त दिसतो. उजळलेला पाय बघवत नाही.

मार्गशीर्ष शु. १५

चौलची दत्तजत्रा. पायऱ्यांखाली दरवर्षीप्रमाणं दुकान मांडलं, बिंदल्या, वाळे, चांदीच्या पादुका. गोगटे भेटले. या वेळी सांगून टाकलं. दुसरी होती. वितळवली. मीच.

मला वाटलं रागावतील. ते मोडक्या बाकावर माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "बाळाशेट, आपल्या किनाऱ्यावर सोनारांनी अशा किती वितळवल्या असतील त्याचा हिशेब नाही. हे करणारे तुम्ही एकटे नाही."

एकटा नाही म्हणे. चला, एका बाबतीत तरी.

जोडव्यांतून काही वाचता येईल का विचारलं. वेड्यासारखा प्रश्न. वितळलेल्यातून काय वाचणार? पण त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. नाही, म्हणाले.

पौष शु. ६

यमूचं पत्र. हात धुऊन मग उघडलं. का धुतले कोण जाणे.

"ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. बरेच दिवस लिहायला जमलं नाही, नंतर लिहिलं आणि टाकलं नाही. कुसुमचं लग्न ठरलं, माघात. मी आठ दिवसांसाठी येते. आकड्याचं तेव्हाच बोलू. जोडवी मी रोज घालते. ती आकड्याची आहेत हे मला ठाऊक होतं. आईनं सांगितलं होतं. बंदरावर येऊ नका, थंडी आहे."

ठाऊक होतं. किती दिवसांपासून?

आठ दिवस. नातीच्या लग्नाआधी लेक येतेय म्हणून घर झाडायला काढलं. राधावहिनीला विचारून भाजणी दळून आणली. उगाच दोन वेळा तांदूळ बदलले.

पौष व. १

बंदरावर गेलो. थंडी होती.

यमू वाळली आहे. डोक्यावरचा पदर, चालणं, अगदी हिच्यासारखं. पडावातून उतरताना पाय वर केला तेव्हा जोडवी दिसली. मी दुसरीकडे पाहिलं. तिनं पाहिलं की मी दुसरीकडे पाहिलं. "अण्णा, किती केस पांढरे केलेत," एवढं बोलली आणि ट्रंक माझ्या हातात दिली.

पौष व. २

दिवसभर घरात भांड्यांचा आवाज. मी दुकानात बसून ऐकत होतो. गिऱ्हाईक आलं तेव्हा रागच आला.

दुपारी डबी पुढं ठेवली. तिनं उघडली, लारी कडांनी धरली, मी शिकवायच्या आत. लाखेचा ठसा दाखवला, चौल सांगितलं, जहाजं सांगितली. ऐकून घेतलं. मग मी विचारलं, आईनं तुला कधी सांगितलं?

"माझ्या लग्नात. म्हणाली, एक आकडा अण्णांनी माझ्या पायात घातलाय, एक तुझा. हसून सांगितलं."

रागावून नाही?

"पहिल्यांदा रागावली असेल. मला काय माहीत, मी पोटात होते."

आणि तांदळात का ठेवला? चोराच्या भयानं?

यमूनं डबी मिटली. मग म्हणाली, "अण्णा, तिथं तुमचा हात जात नाही म्हणूनच असणार."

माझ्या भयानं. पस्तीस वर्षं ती मला पाटावर जेवायला वाढत होती आणि आकडा माझ्यापासून लपवून ठेवत होती. दर महिन्याला तांदूळ बदलत होती, मी दुकानात असताना. मला रडू आलं, यमूसमोर. तिनं पदर दिला नाही, पाणी दिलं. बरं केलं.

पौष व. ४

आज यमूनं तिचं म्हणणं सांगितलं.

उरलेल्या आकड्याची जोडवी करून हवीत. कुसुमला. सासरची जोडवी सासरचे घालतील, हा आजोळचा जोड. माझ्या हातचा.

म्हटलं, यमे, तुला कळतं का तू काय म्हणतेस? तीनशे वर्षांचं नाणं आहे. वकील वीस रुपये द्यायला बसले आहेत. मुंबईला ठेवतील, काचेत. अक्षरं आहेत त्याच्यावर.

"मला वाचता येत नाहीत. तुम्हालाही नाही. आईचं मी रोज पायात घालते, चालताना आवाज होतो. डबीतलं काय, महिन्यातून एकदा बघायचं?"

अगं पण परत होणार नाही ते.

"तेव्हा नव्हतं तुम्हाला असं वाटलं."

पत्रात मीच लिहिलं, तू म्हणशील तसं, मी मध्ये येणार नाही. तीन पानं लिहिली होती, तिनं नेमकं तेवढं वाक्य पाठ केलं आहे.

पौष व. ५

पारू कोळंबी घेऊन आली. यमूला बघून दारातच बसली. "आली का गं माजी बाय." सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "पोरीचा हाय तर पोरीला दे. मागं पुरुन ठेवलेल्याचं कुनाला काय झालं?" आणि थोड्या वेळानं, "पन येक हाय, बालाशेट. मोडलेली होडी परत पान्यात न्हाय जात. ता पन खरा."

दोन्ही बाजूंनी बोलून मोकळी. कोळंबी चांगली होती.

पौष व. ६

सगळ्यात वाईट ते आज लिहितो.

खणात घरची चांदी आहे. चोख. पाच मासे दोन गुंजा कमी तोडून घेतली. काट्यावर एका पारड्यात ती, एका पारड्यात आकडा. काटा सरळ उभा राहिला. हीच वितळवून जोडवी केली तर कुणाला कळणार आहे? यमूला नाही, कुसुमला नाही. आकडा डबीत राहील, मी मेल्यावर सापडेल. नाणं वाचेल, लेक खूश जाईल, उन्हाळ्यात पुन्हा येईल. सोनाराला सख्ख्या बहिणीचं सोनंही सुटत नाही म्हणतात. चाळीस वर्षं धंदा केला, ती म्हण मी खोटी पाडली असं मिरवत आलो. आणि आता चोरी करायची ती लेकीची, तीही चांगल्या हेतूनं.

पहिल्या वेळीही हेतू चांगलाच होता.

तिला सांगून नाही म्हणावं, तर ती जाईल. रागावून नाही, गप्प होऊन. ते मी दीड वर्ष पाहिलं आहे. घर पुन्हा तसंच होईल. आणि हो म्हणावं तर याच हातांनी दुसराही.

काटा उतरवून ठेवला. आज यमूनं विचारलं, दुकानात एवढा वेळ काय करता? काम आहे म्हटलं.

पौष व. ७

सकाळ. उद्याच्या बोटीनं यमू जाते.

शेगडी पेटवली आहे. मूस मांडली आहे, टाकणखार काढून ठेवला आहे. घरच्या चांदीचा तुकडा खणात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या तांदळात खुपसली. गोगट्यांसाठी लाखेचे चार ठसे रात्रीच घेऊन ठेवले, दोन्ही पायांचे, दोन्ही बाजूंचे. पट्टीभर अक्षरं का होईनात.

आज आकडा डबीतून काढलेला नाही. तो मी काढणार नाही. शेगडीसमोर, जिथं पारू बसते तिथं, पाट मांडला आहे. या पाटावर घरचं माणूस कधी बसलं नाही. डबी यमूच्या हातात देणार. मुशीत घालायचा तर तिनं घालावा, आग बघून, पुन्हा एकदा अक्षरं बघून. तिनं घातला तर मी फुंकीन, आणि जोडवी अशी करीन की कुसुमची नातसुद्धा घालेल. नाही घातला तर नाही. मी एक शब्द बोलणार नाही. मला नाणं हवं आहे, हे तिला माझ्या तोंडाकडे बघून कळेलच, त्याला इलाज नाही.

विहिरीवरून आली. जोडव्यांचा आवाज पडवीपर्यंत आला. केस पुसत दारात उभी आहे, विचारते आहे, "अण्णा, तुम्ही रोज काय लिहिता हो?"

काही नाही, म्हटलं. ये. बस इथं, आगीपाशी.